पटकथा वाचकांपुढे ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पटकथा लिहून झाली, जवळच्या दोघा-तिघांनी ‘छान जमलीय’ म्हटलं आणि आता ती अनोळखी वाचकांपुढे ठेवायची आहे, अशा टप्प्यावर असलेल्या हौशी पटकथाकारांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. वाचक काही पटकथा वाचून त्यांतल्या एकीला मत देतात, अशा मतदानाच्या फेऱ्यांमध्ये मी स्वतःच्या पटकथा ठेवल्या आहेत आणि दुसऱ्यांच्या त्याहून कितीतरी जास्त वाचल्या आहेत. नवे लेखक पुन्हा पुन्हा जे विचारतात, तेच इथे घेतलं आहे.

या फेऱ्या चालतात तरी कशा?

साधारणपणे चार-पाच पटकथा एकाच वेळी वाचकांपुढे येतात. प्रत्येकीसोबत नाव, प्रकार (थरार, कौटुंबिक, विनोदी वगैरे), एक लॉगलाइन (एक-दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट) आणि ‘ही का वाचावी’ याबद्दल लेखकाच्या चार ओळी असतात. वाचकानं प्रत्येक पटकथा उघडायची, जमेल तितकी वाचायची, कुठे थांबलो ते प्रामाणिकपणे लिहायचं आणि एकीला मत द्यायचं. सगळ्यांत जास्त मतं मिळवणाऱ्या पटकथेचं मग सविस्तर परीक्षण होतं.

कल्पना नवी नाही. 2000 साली हॉलिवूडचे अभिनेते बेन ॲफ्लेक आणि मॅट डेमन यांनी ‘प्रोजेक्ट ग्रीनलाइट’ ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा भाग घेणाऱ्यांना एकमेकांच्या पटकथा वाचून गुण द्यावे लागायचे. 2005 साली फ्रँकलिन लिओनार्ड यांनी हॉलिवूडमध्ये पटकथा वाचण्याचंच काम करणाऱ्यांना विचारलं की, यंदा वाचलेल्या पण अजून न बनलेल्या पटकथांपैकी तुम्हाला कोणत्या आवडल्या? त्यातून ‘ब्लॅक लिस्ट’ तयार झाली आणि ती दरवर्षी निघू लागली. या यादीत ‘सर्वोत्तम’ पटकथा असतात असा दावा नसतो, ‘सर्वाधिक आवडलेल्या’ असतात एवढंच म्हटलेलं असतं. मतदानाला उतरताना हा फरक मनात पक्का हवा. मत म्हणजे आवड. तुमच्या लेखनगुणांचा निवाडा त्यातून होत नाही.

मग मतांचा उपयोग काय?

मतांपेक्षा एक गोष्ट जास्त मोलाची असते: वाचक कोणत्या पानावर थांबला. दहा जणांनी वाचली आणि त्यातले सहा अठराव्या पानाच्या आसपास थांबले, तर सतरा ते एकोणीस या पानांवर किंवा त्यांच्या थोडं आधी काहीतरी बिघडलंय. एवढी नेमकी माहिती घरचं माणूस कधीच देत नाही, कारण ते प्रेमापोटी शेवटपर्यंत वाचतं.

माझ्या बाबतीत हे अगदी असंच झालं होतं. संवाद जड झालेत असं समजून मी दोन महिने संवादच घासत बसलो. प्रत्यक्षात नायिकेला नेमकं काय हवंय, हे वाचकाला एकतिसाव्या पानावर कळत होतं. तोपर्यंत तिच्यामागे चालायला त्याच्याकडे कारणच नव्हतं. मी मधली चौदा पानं काढली. संवाद होते तसेच ठेवले, आणि पुढच्या फेरीत निम्म्याहून जास्त वाचकांनी शेवट गाठला. म्हणून मी प्रत्येक वाचकाला ‘कशी वाटली?’ असं न विचारता ‘कुठे थांबलात?’ असं विचारतो.

लॉगलाइन कशी लिहायची?

एक-दोन वाक्यांत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: कुणाची गोष्ट आहे, त्या माणसाला काय करायचंय आणि ते करणं का कठीण आहे. हौशी लेखक बहुतेक वेळा यांपैकी एकही सांगत नाहीत. त्यांची लॉगलाइन साधारण अशी असते:

‘नात्यांच्या गुंत्यात हरवलेल्या एका तरुणीचा स्वतःच्या शोधाचा प्रवास.’

हे हजार पटकथांना चिकटवता येईल. त्यात व्यवसाय नाही, अडचण नाही, निर्णय नाही. वाचकाच्या डोळ्यांपुढे एकही चित्र येत नाही. आता हीच गोष्ट अशी मांडून पाहा:

‘न्यायालयात सांकेतिक भाषेची दुभाषी असलेल्या तरुणीच्या लक्षात येतं की कर्णबधिर साक्षीदार धडधडीत खोटं सांगतोय, पण त्याच खोट्या साक्षीवर एका निरपराध माणसाची सुटका अवलंबून आहे.’

इथे तरुणीचं नाव नाही, तरी ती दिसते. तिचं काम दिसतं. मुख्य म्हणजे तिनं काहीही केलं तरी कुणाचं तरी नुकसान होणार आहे, हे कळतं. वाचकाला लगेच वाटतं, आता ही काय करेल? ते वाटलं की तो फाइल उघडतो.

लॉगलाइनमध्ये पात्राचं नाव देण्यापेक्षा त्याचा व्यवसाय किंवा अवस्था द्या. ‘अविनाश’ या शब्दातून काही कळत नाही, ‘दृष्टी जात चाललेला घड्याळजी’ यातून बरंच कळतं. शेवट सांगू नका. प्रश्नचिन्हानं संपवू नका. ‘तिला न्याय मिळेल का?’ या प्रश्नाचं उत्तर वाचकाला आधीच ठाऊक असतं. आणि ‘नियती’, ‘प्रवास’, ‘गुंफण’, ‘अनपेक्षित वळण’ हे शब्द दिसले की खोडा. ते जिथे येतात तिथे बहुधा खरा प्रसंग सांगायचा राहून गेलेला असतो.

लॉगलाइन काही केल्या जमत नसेल, तर अनेकदा दोष लॉगलाइनचा नसतो. गोष्टीतच मुख्य माणसाला काही हवं नसतं. अशा वेळी लॉगलाइनशी झटापट थांबवून पटकथेकडे परत जावं. मी तर आता पटकथा सुरू करण्याआधीच लॉगलाइन चार-पाच जणांना सांगून बघतो. ऐकणाऱ्यानं ‘मग पुढे?’ विचारलं तर लिहायला घेतो.

‘ही का वाचावी’ या ओळींत काय लिहावं?

या विषयाशी तुमचं खरं नातं असेल तर ते सांगा. रुग्णवाहिका चालवणाऱ्याची गोष्ट लिहिली असेल आणि तुम्ही स्वतः सहा वर्षं ती चालवली असेल, तर तेवढं एक वाक्य पुरे. हे नसेल तर या पटकथेत असं काय आहे जे वाचकाला सहसा भेटत नाही, ते लिहा.

‘हा पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या’ असं मात्र लिहू नका. विनम्रता म्हणून लिहिलेलं हे वाक्य वाचकाला ‘ही कच्ची आहे’ असं सांगून टाकतं. उलट टोकाला जाऊन ‘आजवर कुणी न केलेला विषय’ असंही लिहू नका; तो केलेला असतो, आणि तुम्ही तो बघितलेला नाही एवढंच त्यातून कळतं.

वाचक खरंच पहिल्या दहा पानांत ठरवतात का?

हो. कित्येकदा त्याच्याही आधी. हे अन्यायाचं वाटतं, कारण तुमचा सर्वांत ताकदीचा प्रसंग सत्तराव्या पानावर असतो. पण वाचकापुढे पाच पटकथा आहेत आणि संध्याकाळ एकच. पहिल्या पानांवर तुम्ही त्याला जो भरवसा देता, त्याच्या जोरावर तो सत्तराव्या पानापर्यंत येतो.

भरवसा कशानं बसतो? माझ्या अनुभवात सगळ्यांत आधी नेमकेपणानं. ‘खोलीत पसारा आहे’ हे वाचून काही होत नाही. ‘इस्त्रीच्या टेबलावर तीन दिवसांची वर्तमानपत्रं, रबरबँडसुद्धा न काढलेली’ हे वाचलं की त्या घरात काय चाललंय ते समजतं, आणि लेखकानं बघून लिहिलंय हेही समजतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कुणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे. हौशी पटकथांची सुरुवात फार वेळा गजर वाजून, डोळे उघडून, आरशात बघून होते. मुख्य पात्र उठतं, आवरतं, चहा घेतं, आणि चार पानं संपतात. त्याऐवजी त्याला पहिल्याच पानावर एखाद्या कामाच्या मध्यात पकडा, आणि ते काम बिघडू द्या. माणूस बिघडलेलं काम कसं निस्तरतो यावरून तो कसा आहे हे दोन मिनिटांत कळतं. त्याच्याबद्दलच्या वर्णनाचा परिच्छेद लागत नाही.

तिसरी गोष्ट, पात्रांची गर्दी टाळा. पहिल्या पाच पानांत आठ नावं आली की वाचक मागे जाऊन नावं शोधू लागतो, आणि मागे गेलेला वाचक बऱ्याचदा परत येत नाही. ज्या पात्राची गरज पन्नासाव्या पानावर आहे, त्याला तिथेच येऊ द्या. सारख्या आद्याक्षराची नावंही टाळा. समीर, सुमित आणि समिधा एका प्रसंगात बोलू लागले की कोण काय म्हणालं ते लक्षात राहत नाही.

आणि बाराशे वर्षांचा इतिहास सांगणारा निवेदकाचा आवाज. तो काढा. गोष्ट कळायला इतिहास लागत असेल, तर तो ज्याला अडचणीत आणतो त्याच्या तोंडी, अडचणीच्या क्षणी येऊ द्या.

फॉरमॅट इतका महत्त्वाचा आहे का? गोष्ट चांगली असली की झालं ना?

फॉरमॅटवर कुणी मत देत नाही, पण त्यामुळे वाचणं थांबवतात. प्रसंगाच्या वर स्लगलाइन (आत की बाहेर, जागा, वेळ), खाली वर्तमानकाळातली कृती, मध्यभागी पात्राचं नाव आणि त्याखाली संवाद, इतकंच सांभाळायचं असतं. कृतीचा परिच्छेद तीन-चार ओळींपलीकडे गेला की पान काळं दिसू लागतं आणि नजर त्यावरून घसरते. जे पडद्यावर दिसत नाही किंवा ऐकू येत नाही ते कृतीत लिहू नये. ‘तिला बालपण आठवतं’ हे कॅमेऱ्यात कसं येणार?

इंग्रजी पटकथा बारा पॉइंटच्या कुरिअर टंकात लिहितात. टाइपरायटरच्या काळापासून या टंकात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, एका इंचात दहा अक्षरं. त्यामुळेच ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा ढोबळ हिशेब बसतो. देवनागरीत तो आपोआप बसत नाही. जोडाक्षरं, मात्रा आणि टंकाची रुंदी यांमुळे पानांची संख्या वर-खाली होते. घड्याळ लावून पटकथा मोठ्यानं वाचणं हा आपल्याकडचा खरा हिशेब. कृतीच्या ओळींनाही त्यांचा वेळ द्या.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक कामाची गोष्ट. साध्या मजकुरात पटकथा लिहायची ‘फाउंटन’ नावाची एक पद्धत आहे; फॉरमॅट मग सॉफ्टवेअर लावतं. ती पात्राचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांवरून ओळखते. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नसल्यामुळे आपली पात्रं तिला दिसतच नाहीत आणि संवाद कृतीत मिसळून जातात. उपाय सोपा आहे: पात्राच्या नावाआधी @ चिन्ह द्या आणि स्लगलाइनच्या सुरुवातीला एक टिंब. मला हे कळेपर्यंत मी प्रत्येक संवाद हातानं मध्यभागी सरकवत होतो.

पाठवताना पीडीएफच पाठवा, आणि युनिकोड टंकातच लिहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरशः अगम्य होतो.

शुद्धलेखनाच्या चुका चालतात का?

एखाद-दुसरी चालते. पहिल्या पानावर तीन असतील तर वाचक असं धरून चालतो की लेखकानंही हे परत वाचलेलं नाही. मग त्यानं तरी का वाचावं?

लांबी किती असावी?

पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी नव्वद ते एकशेदहा मिनिटांची पटकथा हौशी फेरीत बरी पडते. एकशेचाळीस पानं बघितली की बरेच वाचक ती उघडण्याआधीच दुसरीकडे वळतात.

माझी कल्पना कुणी चोरली तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि मी त्याला हसण्यावारी नेत नाही. वर्षभराची मेहनत असते ती.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तुम्ही ती ज्या शब्दांत आणि प्रसंगांत मांडली त्या मांडणीला मिळतो. ‘खोटी साक्ष भाषांतरित करावी लागणारी दुभाषी’ ही कल्पना कुणीही वापरू शकतो. तुमची नव्वद पानं, तुमचे प्रसंग, तुमचे संवाद मात्र तुमचे आहेत. कॉपीराइटबद्दलच्या 1886 च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांमध्ये हा हक्क लेखन उमटताक्षणी मिळतो. त्यासाठी नोंदणीची अट नसते. तरीही नोंदणी करून ठेवावी, कारण वाद झालाच तर अमुक तारखेला हे लिखाण माझ्याकडे होतं असं दाखवता आलं पाहिजे. प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवा. कुणाला कधी पाठवलं, तेही लिहून ठेवा.

खरा धोका चोरीपेक्षा न वाचता स्वीकारलेल्या अटींमध्ये असतो. 2010 साली ॲमेझॉन स्टुडिओजनं सगळ्यांना पटकथा पाठवायला दारं उघडली, तेव्हाच्या सुरुवातीच्या अटींनुसार पटकथा पाठवताच कंपनीला तिच्यावर 18 महिन्यांचा हक्क विनामोबदला मिळायचा, म्हणजे तेवढा काळ ती दुसरीकडे विकता येत नसे. पटकथाकारांकडून टीका झाली आणि पुढे अटी बदलल्या. यात लपवाछपवी नव्हती, सगळं लिहिलेलं होतं. म्हणून पटकथा कुठेही ठेवण्याआधी तीन गोष्टी शोधा: हक्क कुणाकडे राहतात, किती काळासाठी, आणि तुम्हाला ती कधीही काढून घेता येते का.

एवढं झालं की पाठवा. कपाटात ठेवलेली पटकथा कुणी चोरत नाही, पण ती कुणी वाचतही नाही.

मित्रमंडळींना मतं द्यायला सांगू का?

नका. त्यानं तुम्ही जिंकालही, पण मतांसोबत येणारी माहिती नासते. मित्र ‘जबरदस्त!’ लिहून मत देतो, कुठे थांबला ते लिहीत नाही. नेहमीच्या वाचकांना अशी मतं लगेच ओळखू येतात आणि मग ते तुमच्या पुढच्या पटकथेकडेही संशयानं बघतात. मित्रांना ती वाचायला द्यायचीच असेल तर फेरीच्या आधी द्या, आणि कंटाळा आला की तिथेच पेन्सिलनं रेघ मारून परत द्यायला सांगा.

दोन वाचकांनी अगदी उलट सांगितलं. कुणाचं ऐकू?

एक म्हणतो आई फार कठोर आहे, दुसरा म्हणतो आई फार गुळमुळीत आहे. अशा वेळी दोघांचे उपाय बाजूला ठेवा आणि दोघांनी बोट कुठे ठेवलं ते बघा. दोघेही आईवरच अडखळले आहेत. म्हणजे तिच्यात काहीतरी वाचकापर्यंत पोचत नाही. दुखतंय कुठे हे वाचक अचूक सांगतो. औषध मात्र तो स्वतःच्या आवडीचं सुचवतो, आणि ते तुमच्या गोष्टीला लागू पडेलच असं नाही.

मी एक कागद घेऊन पान क्रमांक लिहितो आणि प्रत्येक वाचकाची तक्रार त्या त्या पानापुढे मांडतो. एका पानापुढे एकच तक्रार असेल तर ती आवडीनिवडीची धरतो. तिघांची असेल तर माझं कितीही प्रेम असलं तरी तो प्रसंग पुन्हा लिहायला घेतो. पाच जणांनी पाच वेगळी कारणं दिली तरीही, कारण जागा एकच असते.

आणि एखादी सूचना वाचून चिडचिड झाली तर ती दोन दिवसांनी परत वाचा. ज्या सूचना पहिल्यांदा वाचताना मला बोचल्या, त्यांतल्या बहुतेक माझ्याच मनात आधीपासून असलेल्या शंका होत्या.

जहरी अभिप्राय आला तर उत्तर द्यावं का?

‘वाचल्याबद्दल आभार’ एवढंच लिहा. गोष्ट समजावून सांगू नका. चित्रपटगृहात प्रत्येक प्रेक्षकाच्या शेजारी बसून तुम्ही समजावू शकणार नाही. जे कागदावर नाही ते नाहीच. अभिप्राय पटकथेबद्दल नसून तुमच्याबद्दल असेल, तर त्याला आभारही नकोत.

पैसे देऊन व्यावसायिक अभिप्राय घ्यावा का?

घेता येतो, पण पहिल्या मसुद्यावर नको. व्यावसायिक वाचक कथेचा सारांश, गुणदोष आणि शेवटी एक शेरा देतो: नाकारावी, विचार करावा किंवा शिफारस. याला कव्हरेज म्हणतात, आणि ते मुळात निर्मात्यासाठी असतं, लेखकाला शिकवण्यासाठी नसतं. जे दोष हौशी वाचक फुकट दाखवतील, ते ऐकायला पैसे कशाला मोजायचे? त्यांच्याकडून नवं काही कळेनासं झालं की मग या वाटेला जा.

मला दुसऱ्यांच्या पटकथांवर चांगला अभिप्राय कसा देता येईल?

कुठे थांबलात ते सांगा, आणि त्या क्षणी मनात काय आलं ते. ‘बाराव्या पानावर भाऊ परत आला तेव्हा मला वाटलं हे सगळं आता सोपं होणार, आणि मी फाइल बंद केली’ हे वाक्य लेखकाला आठवडाभराचं काम देतं. ‘पेसिंग (गोष्टीचा वेग) नीट करा’ यानं काहीच हाती लागत नाही. जिथे तुम्ही पान भरभर उलटलं ती जागाही सांगा. लेखकाला बहुतेक वेळा स्वतःचं बलस्थान माहीत नसतं आणि पुढच्या मसुद्यात तो नेमकं तेच कापून टाकतो. तुम्हाला सुचलेली गोष्ट त्याच्या गोष्टीवर लादू नका.

हे करत राहा, कारण दुसऱ्याची पटकथा वाचताना जो दोष लगेच दिसतो तोच थोड्या दिवसांनी आपल्याही पानांवर दिसायला लागतो. माझ्या लेखनात सर्वांत मोठा फरक यानं पडला.

हरलो. तीच पटकथा परत ठेवू का?

बदलून, हो. निदान दोन महिने जाऊ द्या, आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहा. त्याच वाचकांना फरक दिसला तर ते आवर्जून पुन्हा वाचतात. नुसतं नाव बदलून तीच पटकथा ठेवली तर पहिल्या पानावरच ओळखली जाते.

शून्य मतं मिळाली असतील तर आधी तपासा की लोकांनी ती उघडली होती का. कुणीच अभिप्राय दिला नसेल तर लॉगलाइन कमी पडलेली असू शकते, आणि पटकथेची परीक्षा अजून झालेलीच नाही.

जिंकलो. आता पुढे?

सविस्तर परीक्षण येईल आणि ते मतांपेक्षा कठोर असेल, कारण परीक्षक शेवटपर्यंत वाचतो. इतरांनी न गाठलेल्या तिसऱ्या अंकातले दोष आता पहिल्यांदा कुणालातरी दिसतील. ते दुरुस्त करायला वेळ काढून ठेवा.

कुणी निर्माता किंवा दिग्दर्शक संपर्क साधेलच असं नाही. साधला तर त्याचा दुसरा प्रश्न हाच असतो, ‘आणखी काय लिहिलंय?’ त्या वेळी दाखवायला दुसरी पूर्ण पटकथा हवी, नुसती कल्पना नव्हे. मी पहिली पटकथा फेरीत ठेवली की त्याच आठवड्यात दुसरीचं पहिलं पान सुरू करतो.